गरम बदामांची पुडी

जगाचा नकाशा उघडा पाहू! आता युरोपवर बोट ठेवा आणि जर्मनीवरून सरळ वर सरका. अंगठ्यासारखा वर आलेला जमिनीचा एक तुकडा आणि त्याच्या उजवीकडे विखुरलेली बेटं दिसली? तोच डेन्मार्क. देश एवढासा, की आपल्या महाराष्ट्रात असे सात डेन्मार्क मावतील! उजवीकडच्या मोठ्या बेटाच्या काठावर त्याची राजधानी आहे, कोपनहेगन. आज आपण तिथे जाणार आहोत, आणि तेही ऐन डिसेंबरात. स्वेटर, कानटोपी, हातमोजे घेतलेत ना? मग चला.

पोचलो. घड्याळात दुपारचे चार वाजलेत, पण वर पाहा, आकाश अंधारून आलंय! घड्याळ बिघडलेलं नाही बरं का. २१ डिसेंबरच्या सुमाराला इथे सूर्य सकाळी साडेआठ वाजून गेल्यावर उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या आतच मावळतो. दिवस जेमतेम सात तासांचा. त्याच दिवशी मुंबईत सुमारे अकरा तास ऊन असतं. पृथ्वीचा आस कललेला असतो, हे तुम्ही भूगोलात शिकलाच आहात. त्या कलण्यामुळे हिवाळ्यात उत्तरेकडच्या देशांच्या वाट्याला ऊन फार कमी येतं. इथली मुलं अंधारात शाळेत जातात आणि बऱ्याचदा अंधारातच घरी येतात. शिवाय बर्फ पडेलच असंही नाही. बहुतेक दिवशी नुसता भुरभुर पाऊस आणि बोचरा वारा.

आणि तरीही रस्ते माणसांनी फुललेले! खिडक्याखिडक्यांतून मेणबत्त्या, दुकानांवर हिरव्या फांद्यांच्या माळा, लाल-पांढरे कागदी हृदयाचे आकार. नाताळ जवळ आलाय ना! डॅनिश भाषेत नाताळाला 'यूल' म्हणतात. आपण 'स्ट्रॉय' या लांबलचक बाजाररस्त्यावरून चालतोय. १९६२ सालापासून इथे मोटारींना बंदी आहे, त्यामुळे रस्ता सगळा पायी चालणाऱ्यांचा. चालता चालता एकदम नाकाला काहीतरी जाणवतं. आधी दालचिनी, मग भाजलेले बदाम, मग साखर तापल्याचा तो खमंग वास. कुठून येतोय बरं?

तो बघा, कोपऱ्यावर गाडा. गाड्यावर तांब्याची मोठी कढई, कढईतून वाफ, आणि लाकडी उलथनं घेऊन सारखा ढवळणारा माणूस. तो 'ब्रेन्टे मॅन्डलर' बनवतोय. या शब्दांचा सरळ अर्थ 'जळके बदाम'. नावावर जाऊ नका हं, एकही बदाम जळलेला नसतो! प्रत्येक बदामावर तपकिरी साखरेचं खडबडीत, चकाकणारं कवच असतं. विकणारा ते गरम गरम बदाम कागदाच्या पुडीत भरून देतो. पुडी कशी? अगदी आपल्या चणेवाल्याच्या पुडीसारखी, खाली निमुळती, वर रुंद. तिला डॅनिशमध्ये 'क्रेमरहूस' म्हणतात. शब्दाची फोड केली तर 'फेरीवाल्याचं घर'! ती पुडी दोन्ही हातांत धरायची. खाणं नंतर, आधी बोटं शेकून घ्यायची.

अशी पुडी हातात घेऊन लोक 'टिव्होली' बागेत फिरतात. टिव्होली ही १८४३ साली उघडलेली करमणुकीची बाग. तिथला लाकडी घसरगाडीचा डोंगर १९१४ सालचा आहे आणि अजूनही त्या गाडीत ब्रेक लावणारा माणूस बसलेला असतो. नाताळात ही बाग पूर्वी बंद असे. १९९४ पासून ती या दिवसांतही उघडू लागली, आणि आता बदामांच्या वासाशिवाय तिथला नाताळ पुरा होत नाही.

परीकथा लिहिणारे हान्स क्रिश्चन अँडरसन तुम्हांला ठाऊक आहेतच. 'कुरूप बदकाचं पिल्लू' ही गोष्ट त्यांचीच. ते याच देशाचे. १८४४ साली त्यांची 'देवदाराचं झाड' ही गोष्ट प्रसिद्ध झाली. तिच्यात नाताळच्या झाडाला रंगीत कागदाच्या छोट्या जाळीदार पिशव्या टांगल्या आहेत आणि त्यांत खाऊ भरलाय. म्हणजे कागदात खाऊ भरून झाडाला टांगायची रीत तेव्हाही होती. अँडरसन स्वतः कात्रीने कागद कापण्यात पटाईत होते. दोन रंगांच्या कागदी पट्ट्या एकमेकींत गुंफून केलेलं जे सगळ्यांत जुनं नाताळचं हृदय आज ठाऊक आहे, ते त्यांच्याच हातचं, १८६० च्या सुमाराचं.

आता एक कोडं घालते. डेन्मार्कमध्ये बदामाच्या बागा किती? उत्तर सोपं आहे. तिथल्या थंडीत बदामाची शेती होतच नाही! बदाम येतो स्पेन, इटली, कॅलिफोर्निया अशा उन्हाच्या प्रदेशांतून. दालचिनी येते त्याहूनही लांबून, श्रीलंकेसारख्या गरम देशांतून. घरची म्हणावी अशी वस्तू एकच, साखर. तीसुद्धा उसाची नव्हे. देशाच्या दक्षिणेला लोलँड आणि फाल्स्टर ही बेटं आहेत. तिथल्या शेतांत साखरबीट पिकतं, म्हणजे मुळ्यासारखा जमिनीत वाढणारा गोड कंद. त्याची ही साखर. जो बदाम आपल्या अंगणात पिकत नाही तो सणाला जपून आणायचा आणि साखरेत घोळवून वाढवायचा. आपल्याकडेही बदाम असेच मोजून येतात, नाही का?

माझी मावसबहीण कोपनहेगनच्या जवळ राहते. एका डिसेंबरात मी तिच्याकडे गेले होते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तेव्हा अकरा वर्षांचा. त्यांच्या शेजारी एक डॅनिश आजी एकट्याच राहायच्या. दरवर्षी २४ डिसेंबरला त्या घरी बदाम करून पुड्या भरायच्या आणि जिन्यातल्या प्रत्येक घराच्या दाराला अडकवायच्या. त्या वर्षी मात्र आजी ओल्या पायरीवरून घसरल्या आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. "यंदा पुड्या नाहीत," त्या म्हणाल्या. भाचा मला म्हणाला, "मावशी, त्यांच्या घरात बदाम आहेत, साखर आहे. फक्त हात नाही. आपण देऊया ना आपले!"

गेलो आम्ही दोघं. आजी खिडकीशी खुर्चीत बसल्या आणि तिथूनच सांगू लागल्या. भाचा मला मराठीत समजावून द्यायचा. बदामाचं पाकीट एकच होतं. २४ डिसेंबरला डेन्मार्कमध्ये दुपारी तीननंतर दुकानं बंद होतात आणि तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. बिघडलं तर दुसरं पाकीट मिळणं शक्य नव्हतं!

कढईत बदाम, साखर, पाणी, दालचिनी. पाक खदखदू लागला. भाचा ढवळत होता. पाक दाट झाला, चिकट झाला, बदाम चमकायला लागले. आणि मग पाहता पाहता सगळं कोरडं पडलं! पाक गेला कुठे? बदामांवर पांढरट वाळू चिकटलेली, कढईच्या तळाशी साखरेचा भुगा. भाच्याचा चेहरा उतरला. "मावशी, गेलं सगळं," तो हळूच म्हणाला. त्याने उलथनं थांबवलं.

आजींना कढईतलं काही दिसत नव्हतं, पण आवाज ऐकू येत होता. आधीचा ओला बुडबुड आवाज थांबून खडी हलवल्यासारखा खडखडाट सुरू झाला होता. त्या खुर्चीतूनच म्हणाल्या, "झालं ना कोरडं? छान! अर्धं काम झालं. आच कमी कर आणि थांबू नकोस."

तो पुन्हा ढवळू लागला. एक मिनिट, दोन मिनिटं. हात दुखायला लागला तेव्हा उलथनं मी घेतलं, मग परत त्याने घेतलं. हळूहळू कढईच्या तळाशी साखर वितळू लागली. सोनेरी, मग मधासारखी, मग तपकिरी. प्रत्येक फेरीला बदामांवर ती चढत गेली. आणि घरभर तोच रस्त्यावरचा वास! आजींनी डोळे मिटून घेतले. त्या संध्याकाळी सहा दारांवर सहा पुड्या लागल्या. सातवी पुडी भाच्याने आजींच्याच दाराला लावली. इतकी वर्षं त्यांच्या दाराला पुडी लावणारं कोणीच नव्हतं, कारण पुड्या करणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

आता सांगा, साखरेची वाळू का झाली? अहो, आपल्या घरांतही हे घडतंच. पाक उकळतो तेव्हा पाणी उडून जातं. उरलेल्या थोड्या पाण्यात एवढी साखर विरघळून राहू शकत नाही. त्यातच आपण ढवळत असतो, मग साखरेचे पुन्हा बारीक स्फटिक तयार होतात आणि बदामाला चिकटतात. संक्रांतीचा काटेरी हलवा आठवा. तिळावर थोडा थोडा पाक घालत आणि मंद आचेवर बोटांनी फिरवत आपण हेच स्फटिक वाढवतो. हलवा तिथे थांबतो. डेन्मार्कचा बदाम मात्र पुढे जातो. आच मिळत राहिली, की ते कोरडे स्फटिकच वितळतात, तपकिरी होतात आणि चिक्कीच्या पाकाची चव येते. म्हणजे आधी हलवा, मग चिक्की! मधल्या कोरड्या टप्प्यावर जो घाबरून कढई उतरवतो, त्याला पुढची चव कळतच नाही.

घरी करून पाहायचंय? बदाम महाग वाटले तर शेंगदाणे घ्या. पण एक अट आहे, आई, बाबा, आजी, कोणीतरी मोठं माणूस शेगडीजवळ हवंच. पाणी १०० अंशांवर उकळतं, पण वितळलेली साखर १६० अंशांच्याही पुढे तापलेली असते आणि कातडीला चिकटून बसते. तेव्हा ढवळायचं काम मोठ्यांचं, मोजायचं, बघायचं आणि पुड्या करायचं काम तुमचं.

साहित्य: २०० ग्रॅम बदाम किंवा कच्चे शेंगदाणे, दोन्ही सालीसकट; २०० ग्रॅम साखर; १०० मिलिलिटर पाणी; एक लहान चमचा दालचिनीची पूड.

कृती: जाड बुडाच्या कढईत सगळं एकत्र करून मोठ्या आचेवर ठेवा आणि लाकडी उलथन्याने ढवळत राहा. पाक आटून सगळं कोरडं, वाळूसारखं झालं की आच कमी करा. ढवळणं थांबवू नका. साखर वितळून दाण्यांवर चकाकी आली, की लगेच तूप लावलेल्या ताटात ओता आणि दोन काट्या-चमच्यांनी दाणे सुटे करा. सगळी साखर वितळायची वाट पाहू नका, थोडी खडबडीत राहिलेलीच छान लागते. पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही! आणि घरातल्या अगदी लहान भावंडांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात.

डॅनिश लोकांची बदामाची आणखी एक गंमत सांगते. २४ डिसेंबरच्या रात्रीच्या जेवणात शेवटी गार तांदळाची खीर असते. तिच्यात फेटलेली साय, बदामाचे तुकडे आणि वरून चेरीचा गरम रस. या खिरीत एकच अख्खा बदाम लपवलेला असतो. तो ज्याला सापडेल त्याला बक्षीस! मग काय, ज्याला सापडतो तो लबाड गालात दडवून ठेवतो आणि साळसूदपणे बसून राहतो. बाकीचे बिचारे पोट फुटेस्तोवर खीर खात शोधत राहतात! मग सगळे हात धरून झाडाभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात. बाहेर सतरा तासांची रात्र असते. पण २१ तारीख उलटलेली असते, त्यामुळे दिवस हळूहळू मोठा व्हायला लागलेला असतो.

तुम्ही दाणे केलेत, की जुन्या वहीचा कोरा कागद घ्या आणि त्याच्या पुड्या वळा. पहिली पुडी कोणाला द्यायची, ते आधीच ठरवून ठेवा हं. तुमच्या जिन्यात, वाड्यात किंवा गल्लीत असं कोण आहे, जे सगळ्यांसाठी काहीतरी करतं, पण त्यांच्यासाठी कोणी करत नाही? दाणे गार होईपर्यंत आठवा पाहू!