आधी कारण, मग पाना

चि. मनूस,


आबांची स्प्लेंडर तू ड्युटीला वापरायला काढलीस, हे ताईनं फोनवर सांगितलं. गडहिंग्लज ते आजरा रोजचं जाणं-येणं, त्यात शिफ्ट, त्यात तिकडचा पाऊस, आणि गाडी जुनी. ‘तिला समजाव, नवी स्कूटर घे म्हणावं,’ असं ताईचं म्हणणं. मी ते सांगणार नाही. गाडी तू योग्य निवडलीस. फक्त ती वाटेत बंद पडली तर काय बघायचं हे तुला नीट माहीत असावं, म्हणून हे सविस्तर पत्र. तुझ्या हॉस्पिटलातल्या आणखी कुणी अशाच जुन्या गाडीवर येत असतील, तर त्यांनाही वाचायला दे.

आबांनी गाडी घेतली तेव्हा टाकीवर ‘हीरो होंडा’ हे नाव होतं. पुढं 2010 च्या डिसेंबरात त्या दोन कंपन्यांनी वेगळं व्हायचं ठरवलं. इंजिन 97.2 सीसीचं, 1985 साली आलेल्या सीडी 100 च्याच घराण्यातलं. स्प्लेंडर 1994 ची. इतकी वर्षं एकच रचना रस्त्यावर असल्यामुळं तिचा प्लग, केबल, ब्रेक शू कुठल्याही बाजारगावात मिळतो आणि ती खोलता न येणारा मेकॅनिक सापडणं कठीण. आजऱ्याच्या वाटेवर याला फार किंमत आहे.

माझी सगळी उमेदीची वर्षं उद्यमनगरात लेथवर आणि गाड्यांच्या संगतीत गेली. त्यात एक गोष्ट पक्की कळली. लोकांचे पैसे बिघाडापेक्षा अंदाजावर जास्त जातात. गाडी बंद पडली की आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग सीडीआय, मग कार्बोरेटर. आणि शेवटी निघतं काय, तर टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं. तुझ्याकडे पेशंट आला की तू पहिल्यांदा विचारतेस, कधीपासून दुखतंय, कसं दुखतंय. गाडीलाही तेच विचारायचं. पाना नंतर.

पहिला प्रश्न हाच, की गाडी बंद कशी पडली? एकदम, दिव्याचं बटण दाबल्यासारखी गप झाली, तर संशय करंटवर घे. आचके देत, पिकअप सोडत, थोडी ओढून मग बंद झाली, तर पेट्रोल पोचत नाही असं समज. नेहमीच असं असतं असं नाही, पण बहुतेक वेळा एवढ्यावरून अर्धा शोध संपतो. म्हणून बंद पडल्या पडल्या किका मारत सुटू नकोस. गाडी कडेला घे, क्षणभर आठव. बाई रस्त्यात थांबलेली दिसली की चौघं मदतीला येतात, आणि प्रत्येक जण आपापल्या परीनं दहा किका मारतो. त्यानं प्लग पेट्रोलनं भिजतो आणि साधा बिघाड अवघड होऊन बसतो. त्यांना गोडीनं सांग, ‘थांबा, मी बघते.’

पेट्रोलचा संशय असेल तर आधी टाकी हलवून आवाज ऐक, आणि कॉक रिझर्व्हला कर. मग टाकीचं झाकण उघड. उघडताना आत हवा ओढल्याचा ‘सुस्स’ आवाज आला आणि त्यानंतर गाडी चालू झाली, तर गुन्हेगार सापडला. पेट्रोल खाली उतरतं तसतशी तेवढी हवा टाकीत यावी लागते. झाकणातलं बारीक भोक धुळीनं बुजलं की आत ओढ तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. गाडी काही अंतर छान चालते, मग मरते. थोडं थांबलं की पुन्हा चालू होते, पुन्हा मरते. हे चक्र दिसलं की कार्बोरेटर खोलायच्या आधी झाकण बघ.

पावसाळ्यात याच झाकणाभोवतीनं पाणी टाकीत शिरतं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं. पाणी जास्त झालं की दोघं मिळून तळाशी बसतात, आणि कॉक तर तळातूनच पेट्रोल घेतो. अशा वेळी कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला एक लहान स्क्रू असतो तो सैल कर. खालच्या नळीतून येणारं पेट्रोल पारदर्शक बाटलीत धर. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर किंवा थेंब लोळताना दिसतील. स्वच्छ पेट्रोल येईपर्यंत सोड, स्क्रू परत आवळ. हे इंजिन थंड असताना करायचं, आणि जवळपास कुणी बिडी ओढत असेल त्याला आधी दूर घालवायचं. दोन-चार दिवसांत पुन्हा पाणी निघालं, तर टाकी उतरवून धुवून घ्यायला हवी, नुसती वाटी रिकामी करून भागत नाही.

कार्बोरेटरच्या नळीतून पेट्रोल आपोआप ठिबकत असेल तर आतली सुई कचऱ्यानं अडकली आहे. कॉक बंद कर, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं वाटीवर हलकेच टकटक कर. बऱ्याचदा सुई बसते. इंजिनात पेट्रोल जास्त झालंय असं वाटलं, किका मारून वास यायला लागला, तर कॉक बंद, चोक बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून पाच-सहा किका मार. चोकचं मुद्दाम सांगतो. थंडीत सकाळी तो लावलास तर इंजिन गरम झाल्यावर विसरायचा नाही. चोक लावून आजऱ्यापर्यंत गेलीस तर अ‍ॅव्हरेजही पडेल आणि प्लगही काळा होईल.

आता करंट. तुझ्या गाडीची ठिणगी बॅटरीवर अवलंबून नाही, ती इंजिनातल्या मॅग्नेटच्या कॉइलवर तयार होते. म्हणून बॅटरी पूर्ण बसली, हॉर्न वाजेना, इंडिकेटर लागेना, तरी गाडी किकवर चालू व्हायलाच हवी. ‘बॅटरी गेली म्हणून गाडी बंद पडते’ असं कुणी सांगितलं तर नवी बॅटरी घ्यायची घाई करू नकोस. भर पावसात किंवा डबक्यातून गेल्यावर बंद पडली असेल तर प्लगची टोपी ओढून काढ, आतून-बाहेरून कोरड्या फडक्यानं पूस, वायरही पूस. हे फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून साइड कव्हरमध्ये कायम असू दे.

तरीही चालू झाली नाही तर प्लग काढायचा. भोवतीची माती आधी पुसून घे, नाहीतर ती आत सिलिंडरमध्ये जाते. प्लग तापलेला असेल तर थांब. काढलेला प्लग टोपीत बसव, त्याचा लोखंडी भाग इंजिनच्या धातूला टेकव, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. टोपीचं रबर धरून किक मार. निळसर, कडक ठिणगी हवी. पिवळट, मरतुकडी असेल किंवा येतच नसेल तर नवा प्लग लावून बघ. एक जादा प्लग आणि प्लग-पाना गाडीत असलाच पाहिजे.

काढलेला प्लग लगेच फेकू नकोस, आधी टोक उजेडात धरून बघ. चहात दूध जरा कमी पडल्यावर येतो तसा तपकिरी रंग असेल तर इंजिन सुखी आहे. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जळतंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. पेट्रोलनं ओला असेल तर ठिणगी पडत नाही किंवा कार्बोरेटर भरून वाहतोय. काळा आणि तेलकट असेल तर इंजिन ऑइल वर चढतंय, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्वचे सील बघावे लागतील. पांढरा फटक असेल तर इंजिन जास्त तापतंय. परत लावताना सुरुवातीचे आटे हातानं फिरव, मगच पाना लाव. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, वाकडा प्लग दामटला की आटे जातात, आणि ते काम महागात पडतं.

ठिणगीही आहे, पेट्रोलही आहे, पण किक नेहमीसारखी अडत नाही, पोकळ खाली जाते, तर सिलिंडरमधला दाब गेलाय. तिथं तुझं काम संपलं. गाडी टेम्पोत घाल.

चालती गाडी ओढत नसेल, तर दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळखायला शीक. इंजिनचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, तर क्लच घसरतोय. लिव्हरला 10 ते 20 मिलिमीटर ढिलाई आहे का ते आधी बघ. केबल ताणलेली असेल तर नवी क्लच प्लेटही जळेल. ऑइल कुठलं घातलंय तेही विचार. या गाडीचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळं कारचं ऑइल तिला चालत नाही. बाटलीवर ‘जासो एमए’ लिहिलेलं मोटरसायकलचंच ऑइल घे, समोर उभं राहून घालून घे. याउलट इंजिनच दबल्यासारखं वाटत असेल तर गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक हातानं फिरव. फिरत नसेल, किंवा प्रवासानंतर मागचा ड्रम पोळण्याइतका तापत असेल, तर ब्रेक धरून बसलाय.

चेनबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तिच्याकडं सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. मधोमध बोटानं वरखाली केली की साधारण 20 ते 30 मिलिमीटर हलावी. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी बघ. कुठं ढिली, कुठं ताठ अशी असेल तर चेन गेलेली आहे, ताणून उपयोग नाही. दातऱ्यांची टोकं वाकडी झाली असतील तर चेन आणि दोन्ही दातऱ्या एकदमच बदल. नवी चेन जुन्या दातऱ्यांवर लवकर मरते. चेन ताणली की दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या का बघ, आणि त्यानंतर मागचा ब्रेक पुन्हा सेट करून घे. चाक मागं सरकतं तसा ब्रेकचा रॉड ओढला जातो आणि ब्रेक लागलेलाच राहतो. मघाशी तापलेल्या ड्रमचं लिहिलं, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. आणि एक कडक ताकीद. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन कधीही पुसायची नाही, तेल लावायचं नाही. त्यानं बोटं तुटतात. इंजिन बंद, चाक हातानं.

फ्यूज उडाला तर तितक्याच अँपिअरचा दुसरा घाल. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तार लावून देणारे भेटतील, त्यांना लावू देऊ नकोस. पुढं वायरिंग जळतं. गाडी उभी असताना हेडलाइट मंद होतो आणि रेस केली की वाढतो, हा या जुन्या गाडीचा स्वभावच आहे. पण मागचा लाल दिवा रोज निघताना बघायचा. ऊस हंगामात त्या रस्त्यावर रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते, तिथं मागच्याला तू दिसली पाहिजेस.

हे सगळं वाचून तू मेकॅनिक व्हावंस असं मला वाटत नाही. पण गॅरेजात गेलीस की ‘कार्बोरेटर साफ करा’ असं सांगू नकोस. लक्षणं सांग. गरम झाल्यावर बंद पडते, चढावर दम खाते, पावसातच मिसिंग करते, असं. बदललेला जुना भाग परत माग. भाऊ कुठं आहे, वडिलांना बोलवा, असं म्हणणाऱ्या गॅरेजात दुसऱ्यांदा जाऊ नकोस. चांगला मेकॅनिक चांगल्या प्रश्नानं खूश होतो, असा माझा अनुभव आहे.

पुढं कधी नवी गाडी घेतलीस तर त्यातलं बरंच बदललेलं असेल. 2020 च्या एप्रिलपासून बीएस-सहा लागू झालं आणि स्प्लेंडरमध्ये कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं. तिथं चोक नाही, वाटीचा स्क्रू नाही, बिघाड इंजिनचा दिवा सांगतो. त्या गाडीत पेट्रोल तळाला जाऊ देऊ नये, कारण पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनंच थंड राहतो.

काही बिघाडांवर मात्र ‘जाऊ दे, घरापर्यंत नेते’ हा विचार करायचा नाही. हँडल वळवताना मधोमध खटकन् अडकतं, म्हणजे कोनसेट गेलाय. ब्रेक दाबल्यावर ड्रमवरचा बाण खुणेपर्यंत पोचतो, म्हणजे ब्रेक शू संपलेत. पंक्चर टायरवर गाडी तशीच चालवत नेलीस तर ट्यूब व्हॉल्वपाशी फाटते आणि चाक हातात राहत नाही. अशा वेळी गाडी तिथंच लाव, एसटी पकड, किंवा मला फोन कर. रात्रीचे दोन वाजले असले तरी कर.

गेल्या खेपेला अंगणात मी गाडी बघितली. इंजिन उत्तम आहे, ऑइल गळत नाही, चेन अजून चालेल. मागचा टायर मात्र संपलाय, खाचांमधल्या उंचवट्यांच्या बरोबरीला आलाय. पहिला पाऊस पडायच्या आत तो बदल, आणि बदलेपर्यंत रात्रपाळीला गाडी नेऊ नकोस.

तुझा,
मामा