हवेच्या गोष्टी

आपल्याकडे आषाढात झड लागते. इंग्लंडच्या जुलैत तसे नसते. सकाळी ऊन, दुपारी भुरभुर, सायंकाळी पुन्हा स्वेटर. दोन इंग्रज भेटले की आधी हवेविषयी बोलतात, अशी नोंद सॅम्युएल जॉन्सनने १७५८ मध्येच केली आहे.

लीड्समधील माझ्या वास्तव्यात शेजारी एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाई उन्हाची तिरीप दिसताच कुंपणापाशी येऊन म्हणत, ‘छान हवा आहे, नाही का?’ या ‘नाही का’कडे लक्ष द्या. रूप प्रश्नाचे, शब्द नकाराचा, अपेक्षा मात्र होकाराची! येथे तापमानाचा आकडा सांगणारा उत्तर बरोबर देतो, पण संभाषण मोडतो.

माहितीसाठी नव्हे, तर संबंध जोडण्यासाठी होणाऱ्या अशा बोलण्याला मॅलिनोव्स्कीने १९२३ मध्ये ‘फॅटिक कम्युनियन’ म्हटले. आपले ‘जेवण झालं का?’ याच जातीचे. (भाजी कोणती, हे सांगणारेही भेटतात म्हणा!) अशा बोलण्याला ‘निरर्थक’ ठरवणारी व्याख्या तुमच्या वाचनात येईल; मला ती पटत नाही. त्या बाईंचे दिवसभराचे बोलणे कित्येकदा तेवढेच असे. थेंब पडू लागले तरी त्या लगेच आत जात नसत.