होडीचा विमा आणि धरणकाठची घरं

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला भीमाकाठची गावं उठली आणि 1980 साली उजनी धरण पूर्ण झालं. करमाळा, माढा आणि पलीकडच्या इंदापूर तालुक्यातली आमची पिढी त्या पाण्याच्या कडेला वाढली. भोई समाजाच्या घरांना नदी नवी नव्हती. त्यांच्या कित्येक पिढ्या भीमेत मासे धरत आलेल्या. पण ज्यांच्या काळ्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्यापैकीही बरेच जण भोयांच्या हाताखाली जाळं टाकायला शिकले. आमच्या घरांत ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबा आल्या, मग थर्माकोलचं चप्पू आलं आणि चार पैसे जमल्यावर पत्र्याची होडी आली.

होडी घरात आली तो दिवस आमच्यातल्या प्रत्येकाला आठवत असेल. नारळ फुटायचा, हळदकुंकू वाहिलं जायचं आणि शेजारच्या काकी पेढे मागायला यायच्या. ती होडी बहुधा व्यापाऱ्याच्या उचलीवर घेतलेली असायची. उचल फिटेपर्यंत मासळी त्यालाच घालायची आणि भाव तो म्हणेल तो, हा करार कुठे लिहिलेला नसे. तरी मोडल्याचं कुणी ऐकलं नाही. घरातली सगळ्यांत महाग वस्तू म्हणजे ही होडी आणि तंगूसची जाळी. उन्हाळा संपता संपता होडी पालथी घालून तिला डांबर फासायचं, सांध्यांत हात घालून कुठे पाणी झिरपतं का ते पाहायचं. हे काम आम्हा पोरांकडे असे, आणि नखांतलं डांबर शाळा सुरू झाली तरी निघत नसे.

विमा ही गोष्ट या घरांना अगदीच अनोळखी होती असं नाही. 1956 साली चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, एलआयसी उभी राहिली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ती खेड्यापाड्यांत पोचली. आमच्याकडे ती शाळेतल्या गुरुजींच्या रूपाने आली. एजन्सी गुरुजींच्या घरातून कुणाच्या तरी नावे असायची आणि संध्याकाळी पडवीत बसून गुरुजी फॉर्म भरायचे. जमिनीचा मोबदला मिळाला तेव्हा गुरुजींच्या शब्दाखातर अनेक घरांनी एखादी पॉलिसी काढली. हप्ता सहामाही असे, पण पैसे रोज थोडे थोडे बाजूला पडत. जेऊरच्या बाजारात चिलापी आणि वांब विकून आई परत आली की टोपली धुवायच्या आधी नोटा मोजायची. त्यातल्या काही ती पिठाच्या डब्यामागच्या डबीत सारायची. त्या नोटांना मासळीचा वास असायचा, कडा ओल्या असायच्या. गुरुजी त्या तशाच घ्यायचे, पावती फाडून द्यायचे आणि ती पावती पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीखाली जायची. घरचा विमा पुरुषाच्या जिवावर असला तरी तो भरणारी बाई होती, हे आमच्या पिढीने विसरता कामा नये.

होडीच्या विम्याचा विषय निघाला तो फार नंतर, आणि निघाला तो बँकेच्या कर्जामुळे. कर्जावर होडी आणि इंजिन घ्यायचं तर विमा हवा, असं बँकेने सांगितलं. तेव्हा माझ्या वडिलांचं, म्हणजे आबांचं, उत्तर होतं, “माणसाचा इमा ठीक हाय. लाकडापत्र्याचा कसला इमा?” तरी जेऊरहून पॅसेंजर धरून ते सोलापूरला गेले. एका विमा कंपनीच्या कचेरीत त्यांच्यापुढे प्रश्नांची यादी ठेवली गेली. होडीची नोंदणी कुठे झाली? बांधली कुणी? विकत घेतल्याची पावती आहे का? तिची आजची किंमत किती धरायची? साहेबांच्या टेबलावर रत्नागिरीकडच्या लाँचींचे छापील फॉर्म होते. त्यात बंदर, नोंदणी क्रमांक, इंजिनाची अश्वशक्ती असे रकाने. आमच्या होडीच्या पत्र्यावर लाल रंगाने देवाचं नाव होतं आणि मासेमारीचा परवाना होता तो आबांच्या नावे. होडीचा म्हणून एकही कागद नव्हता.

हा प्रश्न फक्त आमच्या घरचा नव्हता. होडीचा विमा निवडायचा म्हणजे तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: होडी कुणाच्या मालकीची, किंमत किती आणि कोणत्या नुकसानीची भरपाई हवी. हप्ता ठरतो तो त्या किमतीवर, होडीच्या वयावर, ती कशाची बांधलेली आहे आणि कुठल्या पाण्यात चालते यावर. किंमत कमी लावली तर हप्ता हलका होतो, पण होडी बुडाल्यावर हाती येणारी रक्कमही तेवढीच हलकी. किंमत जास्त सांगितली तर सर्वेक्षक येऊन होडीचा तळ ठोकून पाहतो. आणि आमच्याकडचं खरं नुकसान व्हायचं ते जाळ्यांचं. पाण्याखाली जुन्या गावांच्या भिंती आहेत, उभ्या वाळलेल्या बाभळी आहेत. जाळं त्यात अडकलं की ओढता ओढता फाटतं, नाहीतर तसंच सोडून यावं लागतं. होडी शाबूत असताना एकटं जाळं गेलं तर त्याची भरपाई अशा पॉलिसीत सहसा मिळत नाही. हे कळल्यावर आबांनी फॉर्म घडी करून खिशात घातला. विचारलं तर म्हणाले, “जे रोज जातं त्याचं कायच न्हाई व्हय?” मला आजही तो प्रश्न अगदी रास्त वाटतो.

मग ही घरं सावरायची कशी? कुणाची होडी वाऱ्याने फुटली तर भावकीतला एखादा आपली होडी रात्रीपुरती द्यायचा. भिशीचा नंबर त्याला आधी सोडला जायचा. मच्छीमार सोसायटीत सभासदांचे भाग होते, त्यातून थोडी रक्कम मिळायची. बायका रात्र रात्र कंदिलापाशी बसून फाटकी जाळी विणायच्या, आपली आणि शेजारणीचीही. याला विमा म्हणावं की नाही हे पंडितांनी ठरवावं. पण एक होडी बुडाली म्हणून एखादं घर मुंबईला उठून गेलं नाही, याचं श्रेय या माणसांना आहे. त्याची मर्यादाही तितकीच खरी होती. दुष्काळात धरण मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खाली गेलं, पाणी हटून पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं, की सगळ्यांचीच मिळकत एकदम आटायची. अशा वेळी कुणी कुणाला काय द्यायचं?

माणसाच्या जिवाच्या विम्याचा भाग पुढे बराच सुधारला. मच्छीमारांसाठी गट अपघात विमा आला. 2020 पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखाली अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला 5 लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख आणि अपघातानंतर दवाखान्यासाठी 25 हजारांपर्यंत संरक्षण आहे. याचा हप्ता केंद्र आणि राज्य मिळून भरतात, मच्छीमाराला एक रुपयाही पडत नाही. शिवाय बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कापून 2 लाखांचा अपघात विमा देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहेच. आईची ती पिठाच्या डब्यामागची डबी आठवली की हे किती मोठं काम झालंय ते कळतं.

होडीचं मात्र आजही तसंच आहे. 21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले, त्यात दोन लहान लेकरं होती. ती मासेमारीची होडी नव्हती, पण पाणी तेच आणि वळवाचा वारा तोच. आमच्या आया त्या वाऱ्याला घाबरून मे महिन्यात दुपारनंतर होडी सोडू देत नसत. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यांत्रिक जलयानांना विमा सक्तीचा केला आहे. वल्ह्यावरच्या छोट्या होड्यांना तोच धोका असूनही त्यांच्या मालकांना असा कुणी आग्रह करत नाही.

धरणकाठच्या घरांतल्या आजच्या मुलांना माझं एवढंच सांगणं आहे. उद्या सोसायटीच्या सचिवांकडे जा आणि गट विम्याच्या यादीत घरातल्या प्रत्येक मासेमाराचं नाव आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. जाळं विणणाऱ्या आणि मासळी विकणाऱ्या आईचं नावही तिथे बसतं का ते विचारा. होडी नवी घेतली तर पक्की पावती घ्या, जुनी असेल तर तिचा फोटो, लांबी-रुंदी आणि किंमत लिहून सोसायटीचा शिक्का मारून ठेवा. आणि वीस-पंचवीस होड्या मिळून एकत्रच विमा कंपनीच्या दारात जा. एकट्याला मागे फिरवणं सोपं असतं.