नेम चुकला की माउस बदलावा का?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर त्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मात्र क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. त्यावर देशभर पुष्कळ चर्चा झाली. परंतु वसतिगृहांच्या खोल्यांत रात्री दोन वाजता चघळला जाणारा एक प्रश्न कोणत्याही कायद्याच्या कक्षेत येत नाही. नेमबाजीच्या खेळात माउसची सेन्सिटिव्हिटी किती ठेवावी? प्रश्न क्षुल्लक वाटतो. दक्षिणेतील एका संशोधन संस्थेत भौतिकशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थ्यालाही तो तसाच वाटत असे. त्याचे उत्तर हाती लागेपर्यंत त्याने संशोधन सोडण्याचे जवळजवळ ठरवले होते.

दिवसभर तो लेसरवर काम करी आणि रात्री व्हॅलोरंट खेळे. प्रत्येक पराभवानंतर तो सेन्सिटिव्हिटीचा आकडा बदले. त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर आकड्यांची रांगच होती: १.०, ०.६२, ०.७१, ०.५५, पुन्हा ०.६२. कधी एखाद्या नामांकित खेळाडूचा आकडा उचलावा, दोन दिवस तो जमल्यासारखा वाटावा आणि तिसऱ्या दिवशी नेम पुन्हा ढळावा, असे महिनोन्‌महिने चालले होते. त्याचा खोलीसोबती शिलाँगचा. त्याने वर्षभरात आपल्या स्वस्त माउसच्या मांडणीला हात लावला नव्हता, आणि तो सातत्याने अधिक चांगला खेळे. कारण विचारले की म्हणे, “हरलो तर मी हरलो. त्यात माउसचा काय दोष?” विद्यार्थ्याला हे उत्तर अशास्त्रीय वाटे.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे नेमके काय, हे प्रथम पाहू. माउस एक इंच सरकला की तो संगणकाला ठरावीक संख्येने स्पंद पाठवतो. या संख्येला डीपीआय म्हणतात. व्हॅलोरंटमध्ये सेन्सिटिव्हिटी १ असताना प्रत्येक स्पंदाला खेळाडूची दृष्टी ०.०७ अंशाने वळते. म्हणजे ८०० डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटी १ असता पूर्ण ३६० अंश वळण्यासाठी हात सुमारे १६.३ सेंटिमीटर सरकवावा लागतो. सेन्सिटिव्हिटी ०.४ केली की हेच अंतर ४०.८ सेंटिमीटर होते. खेळ किंवा माउस बदलला की आकडे बदलतात, पण ‘एका पूर्ण वळणास किती सेंटिमीटर’ हे माप कायम राहते. तुलना करायची तर याच मापाने करावी.

आता वीस मीटरवर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याचा विचार करू. त्याचे डोके वीस सेंटिमीटर रुंद धरले, तर ते डोळ्याशी सुमारे ०.५७ अंशाचा कोन करते. पहिल्या मांडणीत हा कोन हाताच्या ०.२६ मिलिमीटर हालचालीएवढा आहे, दुसरीत ०.६५ मिलिमीटर. तेवढ्या जागेत हात थांबला पाहिजे. उलट, मागे वळून पाहायचे झाले तर पहिल्या मांडणीत आठ सेंटिमीटर पुरतात, दुसरीत वीस लागतात. अचूक थांबणे आणि चटकन वळणे यांतली ही ओढाताण आहे. माउसची सूक्ष्मता येथे आड येत नाही, कारण ८०० डीपीआयला एक स्पंद म्हणजे केवळ ०.०३ मिलिमीटर. मर्यादा आहे ती हाताची.

ही ओढाताण संगणकीय खेळांहून जुनी आहे. यंत्राचा खुंटा फिरवून काटा खुणेवर आणण्यास किती वेळ लागतो, याचा अभ्यास जेन्किन्स आणि कॉनर यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. खुंट्याला काटा फार वेगाने प्रतिसाद देत असेल तर शेवटच्या जुळणीत वेळ जातो. फार मंद असेल तर खुणेजवळ पोहोचण्यातच जातो. आलेख काढला की मधे एक दरी दिसते. कोणत्याही गुळगुळीत वक्राचा तळ सपाट असतो, हे कलनशास्त्राच्या पहिल्या वर्षी शिकवतात. तळाजवळ असताना आकडा ०.४२ की ०.४५, याने फारसे काही बिघडत नाही.

मग रोज नेम वेगळा का लागतो? हॅरिस आणि वॉल्पर्ट यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या आज्ञेतच गोंगाट असतो आणि आज्ञा जितकी मोठी तितका तो वाढतो. म्हणून तीच हालचाल शंभरदा केली तरी हात शंभर वेगवेगळ्या जागी थांबतो. याखेरीज दुसरी एक चूक असते, ती एका बाजूला झुकलेली. मांडणी बदलली की हात जुन्याच हिशेबाने चालतो आणि नेम सातत्याने पलीकडे किंवा अलीकडे पडतो. ही चूक मेंदू सरावाने दुरुस्त करतो. पण त्यासाठी मांडणी स्थिर राहावी लागते. रोज आकडा बदलणारा खेळाडू मांडणीची परीक्षा घेत नसतो. तो कालच्या सवयीचे आजचे अवशेष मोजत असतो.

हे सारे त्या विद्यार्थ्याला कळले ते प्रयोगशाळेत. लेसरची तरंगलांबी स्थिर ठेवायची होती. प्रत्येक वाचनानंतर ती अपेक्षित मूल्यापासून जितकी ढळलेली दिसे, तितका तो तापमान-नियंत्रकाचा खुंटा उलट दिशेने फिरवी. चार महिने झाले तरी वाचनांचा विखार कमी होईना. आपला हात प्रयोगाचा नाही, असे त्याच्या मनाने घेतले. सोडण्याविषयी बोलायला तो मार्गदर्शक प्राध्यापिकांकडे गेला. त्यांनी वही चाळली आणि म्हणाल्या, “उद्या खुंट्याला हात लावू नकोस. शंभर वाचने घे आणि मग ये.”

त्याने हात लावला नाही. वाचनांचे प्रमाण विचलन पूर्वीच्या सुमारे सत्तर टक्क्यांवर आले.

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेमिंग हे नरसाळ्याच्या प्रयोगातून दाखवत असत. नरसाळ्यातून गोटी लक्ष्यावर टाकायची. नरसाळे स्थिर ठेवले तर गोट्या लक्ष्याभोवती विखुरतात. प्रत्येक गोटी जितकी चुकेल तितके नरसाळे उलट सरकवले, तर विखार घटत नाही. प्रसरण दुप्पट होते. कारण उघड आहे: प्रत्येक दुरुस्तीत मागच्या गोटीचा योगायोग पुढच्या गोटीत मिसळतो. दोन चे वर्गमूळ १.४१, त्याचा व्यस्तांक ०.७१. वहीतला आकडा याच्याशी जुळत होता. चार महिने उपकरण ठीक होते आणि विद्यार्थीही मेहनती होता. बिघाड होता तो त्याच्या दुरुस्तीत.

त्या रात्री त्याने वहीचे शेवटचे पान उघडले आणि तोच अपराध तिथेही आढळला.

मग त्याने प्रयोगाची शिस्त खेळाला लावली. खुर्चीची उंची आणि माउसपॅडची जागा ठरवली, विंडोजमधील माउसचे वेगवर्धन बंद केले. सेन्सिटिव्हिटी १.० वर ठेवून दोन आठवडे बदलायची नाही, असे ठरवले. सरावाच्या मैदानात स्थिर लक्ष्यांवरचे शंभर चुकलेले नेम तो नोंदवी: पलीकडे किती, अलीकडे किती. निव्वळ योगायोग असेल तर अपेक्षा पन्नासाची, आणि प्रमाण विचलन पाच. चाळीस ते साठ यांमधल्या आकड्याचा अर्थ लावायचा नाही. सुरुवातीला ७१ पलीकडे पडले. दोन आठवड्यांनी ५३. झुकाव गेला होता, तरी चुका पुष्कळ होत्या. हाताचा विखारच ०.२६ मिलिमीटरच्या खिडकीहून मोठा होता. आता बदलाला कारण होते. त्याने एकदाच, मोठ्या पावलाने, ०.४ केले.

पहिल्या तीन दिवसांत १०० पैकी ७४ नेम अलीकडे पडले. आकडा वाढवण्याची जुनी खाज उठली. तो थांबला. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस ४८ झाले, आणि तेवढ्या चुका व्हायला आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक नेम धरावे लागत होते.

संस्थेच्या संघात निवड झाली ती शिलाँगच्या सोबत्याची, त्याची नाही. लेसरची मालिका मात्र पूर्ण झाली आणि राजीनाम्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

खेळणाऱ्या आणि प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यांनी यातून एवढे घ्यावे. एक चूक म्हणजे पुरावा नव्हे. चुका एका बाजूला झुकल्या असतील आणि बदल ताजा असेल, तर वाट पाहा. झुकाव नसून विखारच मोठा असेल, तर सेन्सिटिव्हिटी उतरवा. मागे वळायला वेळ पुरत नसेल, तर चढवा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला, आणि मग दोन आठवडे हात आवरा.