अणू पाहू इच्छिणारी मुलगी

गेल्या उन्हाळ्यात आमची पुतणी अमरावतीहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन नांदगाव खंडेश्वरला आली आणि म्हणाली, "मोठे बाबा, मला पुढे बी.एड. करायचं नाही. मला अणू पाहायचे आहेत."

आम्ही हसलो. कोरडवाहू शेतात कापूस-तूर पिकवणाऱ्या आमच्या घरात शिक्षण म्हणजे लवकर मिळणारी नोकरी, एवढेच आम्ही जाणत होतो.

दुसऱ्या दिवशी तिने आम्हांस धुऱ्यावर नेले. "ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. का?" सारा जन्म या काळ्या मातीत गेला, पण उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. ती म्हणाली, हिच्यातील चिकणमातीचे कण पुस्तकाच्या पानांसारखे थरांचे असतात. एकेक थर सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. थरांत पाणी शिरले की माती फुगते. ते आटले की भेगाळते. पदार्थाचे गुण असे त्याच्या सूक्ष्म रचनेत शोधणे, हेच द्रव्यविज्ञान.

अणू पाहण्याची युक्तीही तिने सांगितली. अतिशय अणकुचीदार सुई पृष्ठभागास न टेकवता अगदी जवळून फिरवतात. मधल्या फटीतून वाहणारा विद्युतप्रवाह अंतराच्या किंचित फरकानेही झपाट्याने बदलतो आणि त्यावरून अणूंचे चित्र उमटते. हे यंत्र १९८१ साली झुरिकजवळ आयबीएमच्या प्रयोगशाळेत बिनिग व रोरर यांनी साधले. १९८६ च्या नोबेल पारितोषिकात ते वाटेकरी झाले. पुणे विद्यापीठात प्रा. सी. व्ही. धर्माधिकारी यांनीही असे यंत्र स्वतः घडवले, हे ऐकून आम्ही चकित झालो. पुणे काही परदेश नव्हे!

वाटही दूरची नाही. एम.एस्सी.साठी जाम ही प्रवेशपरीक्षा, पुढे नेट किंवा गेट. मुंबईची आयआयटी व टीआयएफआर, पुण्याचे आयसर व राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, नागपूरचे व्हीएनआयटी येथे संशोधन चालते. नेट उत्तीर्ण कनिष्ठ संशोधकास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये अधिछात्रवृत्ती मिळते. मात्र पीएच.डी.स पाच-सहा वर्षे लागतात, चढाओढ मोठी आहे आणि पुढे कायम नोकरीची हमी नाही. पुतणीने हेही लपवले नाही.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आमच्या थोरल्या मुलीनेही एकदा असेच काही मागितले होते. 'इतकी वर्षे शिकून कमावणार कधी?' असे म्हणून आम्ही तिला गप्प केले. ती आज शाळेत विज्ञान शिकवते, सुखी आहे, तक्रार करीत नाही. पण तिने पुन्हा आमच्याजवळ काही मागितलेही नाही.

यंदा पुतणीच्या परीक्षेचे शुल्क आम्ही भरले. तिला यश येईल की नाही, ते परमेश्वर जाणे. वाचक मातापित्यांनो, मुलांचा प्रश्न आपणांस कळला नाही, तर निदान हसू नये. त्यांना म्हणावे, "नीट समजावून सांग." आम्हांस हे उमगायला एक मुलगी गप्प व्हावी लागली.