मांजरीची आवडनिवड

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्या घरी मांजर नसावे. बजबजला, हुगळीकाठच्या तागगिरण्यांच्या वस्तीत, मी ज्यांच्या घरी भाड्याने राहते त्या मासीमांची मांजरी पूर्वी माशाचे कण वेचून भात तेवढा टाकी. हल्ली कालचा मासाही ती नुसता हुंगते आणि पाठ फिरवते.

भूक लागली की खाईल, असे शेजारी म्हणतात. पशुवैद्य मात्र बजावतात की मांजराचा, विशेषतः लठ्ठ मांजराचा, दोन-तीन दिवसांचा उपवासही यकृतावर बेततो. शिवाय हे निव्वळ चोचले नव्हेत. मांजराला गोडाची चव कळतच नाही. त्या चवीचा एक जनुक निकामी असल्याचे २००५ साली दाखवण्यात आले. टॉरिन हे द्रव्य त्याला मांस-माशांतूनच मिळवावे लागते. ते न मिळाल्यास दृष्टी आणि हृदय दोन्ही खालावतात. म्हणून आम्ही तिचे दात तपासून घेतले, भात कमी केला, आणि मासा ताजा व कोमट देऊ लागलो.

बंकिमचंद्रांच्या ‘कमलाकांतेर दप्तर’मधील मांजर कमलाकांताचे दूध पिऊन वर भुकेल्यांचा हक्क मांडते. त्याचा युक्तिवाद भुकेचा. आमच्या मांजरीचा आवडीचा. पहिला आपण गांभीर्याने ऐकतो, दुसऱ्याला हसतो. मासीमांच्या स्वयंपाकघरात मात्र ते हसू टिकत नाही. त्या विधवा आहेत. बंगाली उच्चवर्णीय घरांतील जुन्या रिवाजाप्रमाणे वैधव्याबरोबर त्यांच्या ताटातून मासा गेला. विद्यासागरांच्या प्रयत्नांनी झालेल्या १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली. तिच्या ताटाविषयी तो काही बोलला नाही. मांजरीच्या माशाचे काटे त्या रोज स्वतःच्या हाताने काढतात.

षष्ठीचे, म्हणजे आपल्या सटवाईचे, बंगालात वाहन मांजर. तिच्या व्रतकथेतली धाकटी सून चोरून खाते आणि आळ मांजरावर घालते. या घरात ती कथा उलटी झाली आहे: खाते मांजर, आणि व्रत बाईचे.

परवा मांजरीने रोहू नाकारला. मासीमा रागावल्या नाहीत. हिला निदान नको म्हणता येते, एवढेच त्या म्हणाल्या. आणि दुसरा मासा आणण्यासाठी पदराच्या गाठीचे पैसे सोडून त्यांनी माझ्या हाती दिले.