पायांनी पाहिलेली शर्यत

मॉन्झाच्या ट्रॅकवर मुख्य सरळ पट्ट्याच्या शेवटी फॉर्म्युला वनची गाडी ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे असते. तिथून पहिल्या वळणात शिरायला तिला ऐंशीच्या आसपास उतरावं लागतं आणि त्यासाठी चालकाला मिळतात दोन-अडीच सेकंद. टीव्हीवर यातलं फारसं काही दिसत नाही. गाडी आली, मंदावली, उजवी-डावी करून निघून गेली. पण ज्याने हे वळण सिम्युलेटरवर घेऊन पाहिलंय, त्याचा डावा पाय सोफ्यावर बसल्या बसल्या ताठ होतो. डावा, कारण रेसमध्ये ब्रेक डाव्या पायाने दाबतात.

रस्त्यावर आपण ब्रेक हळू लावतो आणि मग वाढवत नेतो. रेसमध्ये बरोबर उलटं. भरधाव गाडीला हवा खाली दाबत असते, म्हणून पहिल्या क्षणी टायरची पकड सर्वांत जास्त. तेव्हाच सगळा जोर लावायचा. वेग उतरतो तसा हवेचा दाब कमी होतो, पकडही कमी होते आणि मघाचाच जोर आता चाकं लॉक करतो. म्हणून पाय इंच इंच सोडत यायचा. स्टिअरिंग वळायला लागलं तरी थोडा ब्रेक शिल्लक ठेवायचा, म्हणजे वजन पुढच्या चाकांवर राहतं आणि गाडीचं नाक आत येतं. याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. पुस्तकात वाचून हे कळतं, पण पायात उतरत नाही. ते उतरायला एकच वळण पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं, आणि खऱ्या ट्रॅकवर तशी संधी आपल्याकडे कितीजणांना मिळते?

मी नगरच्या सावेडीत राहतो. पाइपलाइन रोडच्या बाजूला माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे ही रोजची कामं, आणि गेली काही वर्षं त्यांच्या जोडीला सिम रेसिंगच्या, म्हणजे सिम्युलेटरवरच्या शर्यतींच्या, रिग बनवतो. रिग म्हणजे सीट, स्टिअरिंग आणि पेडल एकमेकांपासून जराही हलणार नाहीत असा लोखंडी सांगाडा. पोरं आधी स्टिअरिंग अभ्यासाच्या टेबलाला आवळतात आणि चाकांच्या खुर्चीवर बसतात. पहिल्याच जोरदार ब्रेकला खुर्ची मागे जाते. मग कोणीतरी माझा पत्ता सांगतं.

खरी गोष्ट पेडलमध्ये आहे. स्वस्त सेटमधलं ब्रेकचं पेडल किती सरकलं ते मोजतं. लोड सेलचं पेडल किती जोर दिला ते मोजतं. दिसायला हा फरक बारीक आहे, पण माणसाचा पाय अंतर नीट लक्षात ठेवत नाही, जोर ठेवतो. दर लॅपला तोच जोर देता आला की ब्रेकिंगची जागा पक्की होते. मात्र त्या पेडलवर चाळीस-पन्नास किलोचा भार येतो, आणि खालची पट्टी किंचित जरी वाकली तरी पायाची आठवण बिघडते. म्हणून मी पेडलखाली पाच मिलिमीटरची प्लेट घालतो, मागे तिरके आधार वेल्ड करतो आणि सांगाडा जाड स्क्वेअर पाइपचा करतो. सीट भंगारातली, एखाद्या हॅचबॅकची. रंगीत दिवे लावून मागणारे येतात, तर लावून देतो, पण त्यांच्यासाठी प्लेट पातळ करत नाही.

स्टिअरिंगचं शास्त्र आणखी सुंदर आहे. चांगल्या सिममध्ये टायर, सस्पेन्शन आणि रस्ता यांचं गणित सेकंदाला तीनशेहून जास्त वेळा सोडवलं जातं. असेटो कोर्सामध्ये 333 वेळा, आयरेसिंगमध्ये 360 वेळा. त्या गणितातून स्टिअरिंगच्या मोटरने किती जोर लावायचा ते ठरतं. गाडी वळणात दाबली जाते तसं स्टिअरिंग जड होत जातं. मग पुढच्या टायरची पकड सुटायच्या किंचित आधी ते हलकं पडतं, संक्रांतीला ढील देताना मांजा एकाएकी सैल लागावा तसं. हा हलकेपणा बनावट नाही. खऱ्या गाडीतही टायरचं स्वतःला सरळ करणारं बल पकडीच्या टोकाला पोहोचण्याआधीच ओसरायला लागतं, आणि चालकाला ते तळहाताला कळतं. जुन्या, गिअरवर चालणाऱ्या स्टिअरिंगमध्ये ही खूण खरखरीत हरवायची. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटर थेट दांड्यावर बसते, त्यामुळे ती स्वच्छ पोहोचते. ज्याच्या हाताला ही खूण एकदा समजली, तो पावसातली शर्यत बघताना चालकाच्या डोक्यावरचा कॅमेरा शोधतो. त्याला स्टिअरिंगवरच्या बारीक दुरुस्त्या बघायच्या असतात.

मोटरस्पोर्टचे चाहते तयार होतात ते इथे, सिमवर, असं माझं ठाम मत आहे. जाहिरातींनी गर्दी जमते, नेटफ्लिक्सच्या मालिकेने चालकांची नावं पाठ होतात. पण शर्यतीवर प्रेम बसायला ती अंगाला लागावी लागते. क्रिकेट आपल्याला कळतं, कारण गल्लीत आपण प्रत्येकाने कधी ना कधी यॉर्करवर दांडी गमावलेली असते. मोटर रेसिंगला गल्ली नव्हती, ती सिमने दिली. माझ्या शेडमध्ये पोरं रविवारी मोबाइलवर फॅनकोड अ‍ॅप लावून ग्रांप्री बघतात, तेव्हा भिस्तबागकडचा एक अकरावीतला मुलगा पहिल्या नंबरकडे पाहतच नाही. त्याचं लक्ष अकराव्या-बाराव्या जागेच्या झटापटीवर. पुढच्या गाडीच्या मागची ढवळलेली हवा आपल्या गाडीची पकड कशी खाते, त्यामुळे टायर कसे तापतात आणि तरीही दोन लॅप कसा दम धरावा लागतो, हे त्याने स्वतः भोगलेलं आहे. बाजूला एका गाडीची जागा सोडायची असते, हा रेसिंगचा शिष्टाचार त्याला ऑनलाइन लीगमध्ये दंड बसून कळला. आता खरा चालक ती जागा सोडतो तेव्हा तो टाळी वाजवतो.

2011 सालची एक गोष्ट मी या पोरांना नेहमी सांगतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिली इंडियन ग्रांप्री झाली 30 ऑक्टोबरला. कोडमास्टर्सचा एफ वन 2011 हा खेळ बाजारात आला त्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबरात, आणि त्यात हा ट्रॅक होता. म्हणजे सेबास्टियन फेटलने तिथे शर्यत जिंकण्याआधी भारतातल्या पोरांनी घरात बसून त्या पाच किलोमीटरहून थोड्या लांब ट्रॅकवर लॅप मारलेल्या होत्या. शर्यत तीन वर्षं चालली, तिन्ही वेळा फेटल जिंकला, 2013 नंतर ती बंद पडली. ट्रॅक मात्र सिममध्ये राहिला. जे पोरगं तेव्हा बालवाडीत होतं, ते आज तिथल्या लांब सरळ पट्ट्यानंतरचं वळण तोंडपाठ सांगतं.

आपलं नगर, आता अहिल्यानगर, हे खरं तर वाहनांचं गाव. कायनेटिकची लूना 1972 मध्ये इथून निघाली. संरक्षण संशोधन संस्थेची व्हीआरडीई ही वाहन प्रयोगशाळा इथे आहे आणि तिच्या आवारात वाहनांच्या चाचणीचे ट्रॅक आहेत. आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र इथे, टँक म्युझियम इथे. लष्कर टँकचालकांना सिम्युलेटरवर शिकवतं, याचं इथल्या पोरांना नवल वाटत नाही. पण शर्यतीचा ट्रॅक? बुद्ध सर्किट हजार-बाराशे किलोमीटर लांब, चेन्नईचा ट्रॅक जवळपास तेवढाच. एका हंगामाच्या कार्टिंगचा खर्च लाखांत जातो. सावेडीतल्या नोकरदार घरातल्या मुलाला त्या मानाने पंचवीस-तीस हजारांचं स्टिअरिंग मागून बघता येतं.

त्यातून कोणी चालक होतं का, हे पालक सगळ्यात आधी विचारतात. होतं, पण विरळा. ग्रान टुरिस्मो खेळणाऱ्यांमधून चालक निवडणारी जीटी अकॅडमी 2008 मध्ये सुरू झाली. स्पेनचा लुकास ओर्दोनिएझ तिचा पहिला विजेता, 2011 चा विजेता यान मार्डनबरो पुढे ल माँच्या शर्यतीपर्यंत गेला आणि त्याच्यावर 2023 मध्ये सिनेमाही आला. अमेरिकेत विल्यम बायरनने आधी घरी आयरेसिंगवर हात बसवला आणि मग 2024 व 2025 अशी लागोपाठ दोन वर्षं डेटोना 500 जिंकली. सप्टेंबर 2025 मध्ये मॅक्स व्हर्स्टॅपनने नूर्बुर्गरिंगच्या जुन्या ट्रॅकवर फेरारी चालवून शर्यत जिंकली, तेव्हा त्याचा जोडीदार होता सिम रेसिंगमधून वर आलेला क्रिस लुलहॅम. ही नावं मी सांगतो, आणि त्याच दमात हेही सांगतो की तुमचा मुलगा यांच्यातला एक होईल म्हणून रिग घेऊ नका.

कारण सिम जे देत नाही ते मोठं आहे. आमच्यातली काही पोरं कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर कार्ट चालवून आली. कोल्हापूरने मोटरस्पोर्टची ओढ मनापासून जोपासलीय. कृष्णराज महाडिकसारखा तिथला मुलगा ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोहोचला. पोरांना रेषा माहीत होती, कुठे ब्रेक, कुठे आत, सगळं पहिल्या काही फेऱ्यांतच जमलं. नंतर मनगटं भरून आली. कार्टला सस्पेन्शन नसतं, पॉवर स्टिअरिंग नसतं, प्रत्येक खाच बरगडीला लागते. एकजण परतीच्या वाटेवर म्हणाला, "काका, टीव्हीवर दोन तास मान सरळ धरून बसणारे हे लोक माणसं आहेत का?" तो आता शर्यत पूर्वीपेक्षा जास्त आदराने बघतो.

माझ्या शेडचा एक नियम आहे. बायपासवर किंवा करंजीच्या घाटात गाडी पळवल्याचं कळलं की त्या पोराची रिग माझ्याकडे दुरुस्तीला घेतली जात नाही. यावर मी चर्चा करत नाही.

मला सगळ्यात समाधान दिलं ते गुलमोहर रोडवरच्या एका मुलीने. ती चालवायला बसायची, पण लॅप संपली की तिचा जीव आकड्यांत. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या सिममधून मोटेकच्या फाइली काढता येतात. मोटेक हे खऱ्या रेसिंग संघांचं टेलिमेट्रीचं सॉफ्टवेअर. दोन लॅपचे आलेख एकमेकांवर ठेवून ती पोरांना सांगायची की तुझा ब्रेक बरोबर आहे, पण तू पाय एकदम सोडतोस, म्हणून गाडीचं नाक बाहेर जातं. पोरं आधी चिडायची, मग तिच्याकडे रांग लावायला लागली. आता ती इंजिनिअरिंगला आहे आणि कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट संघात ब्रेकचं काम बघते. विद्यार्थी स्वतः गाडी बनवतात आणि ती घेऊन स्पर्धेत उतरतात, असा हा प्रकार.

परवा ती नियमांची प्रत घेऊन शेडवर आली. ब्रेकच्या पेडलने आणि त्याच्या माउंटिंगने 2000 न्यूटनचा भार न मोडता सोसला पाहिजे, असा नियम. म्हणजे साधारण दोनशे किलो, माझ्या रिगच्या पेडलवर येतो त्याच्या चौपटीहून थोडा जास्तच. मी सवयीने जाड प्लेट काढली. तिने डोकं हलवलं. "काका, वजन वाढलं तर संघातले मला धारेवर धरतील. पातळ प्लेटच घ्या, घडी पाडू आणि आधार कुठे द्यायचा ते मी काढून आणलंय." तिच्या चित्रातला एक आधार मला पटत नाही, वेल्ड ओढला जाईल असं वाटतं. शनिवारी दोन्ही प्रकारचे नमुने करून जॅकखाली दाबून बघायचं ठरलंय.